काळा घेवडा, भात आणि आपला तोरा

"माणसांना घेऊन जाण्यासारखं नाही हो ते हॉटेल."

गेल्या महिनाभरात हे वाक्य मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. एकदा एडिसनच्या पुतण्याकडून, एकदा फोनवर ठाण्याच्या वहिनींकडून (त्यांनी ते हॉटेल पाहिलेलंही नाही!), एकदा व्याह्यांकडून आणि एकदा आमच्या घरातूनच. चौघंही हा ब्लॉग वाचतात. तेव्हा मंडळी, तोंडावर जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. आज आठवणी नाहीत, प्रवासवर्णन नाही. आज भांडण.

विषय तसा लहान. आमच्या ह्यांची पंच्याहत्तरी होती. लेकीकडे, म्हणजे न्यू जर्सीत युनियन सिटीला, आम्ही वर्षातले पाच-सहा महिने असतो. एडिसनहून, पेनसिल्व्हेनियातून मिळून चौदा माणसं यायची होती. मी सुचवलं की आपण कोपऱ्यावरच्या क्यूबन-स्पॅनिश हॉटेलात जेवू. ह्यांनाही ते आवडतं. मालकीणबाई दोन टेबलं जोडून देणार होत्या. त्यावर हे वरचं वाक्य आलं. शेवटी सगळी वरात नदीकाठच्या एका काचेच्या हॉटेलात गेली. त्याचं नाव मी सांगणार नाही. समोर मॅनहॅटनचे दिवे छान दिसत होते. ताटात काय होतं ते विचाराल, तर चौदापैकी एकालाही आज सांगता येणार नाही. मी विचारून पाहिलं आहे.

पण माझं भांडण त्या जेवणाशी नाही, त्या वाक्याशी आहे. "माणसांना नेण्यासारखं नाही." अहो, मग तिथे रोज जेवतात ती कोण?

आधी ते हॉटेल कसं आहे ते सांगते, म्हणजे न पाहिलेल्यांना (वहिनी, ऐकताय ना?) कळेल. युनियन सिटी हे हडसन नदीच्या काठच्या कड्यावर वसलेलं गाव. जेमतेम सव्वा चौरस मैलाचं, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं साडेअडुसष्ट हजार! अमेरिकेतल्या सगळ्यात दाट वस्तीच्या गावांपैकी एक. बर्गनलाइन अव्हेन्यू नावाचा लांबलचक बाजाररस्ता गावातून जातो. आपल्याकडच्या बाजारपेठेसारखाच, दुकानाला लागून दुकान. त्याच्या जवळच्या एका गल्लीत हे हॉटेल. लांबट खोली, एका बाजूला काउंटर आणि फिरती स्टुलं, दुसऱ्या बाजूला आठ-नऊ टेबलं. टेबलावर कागदी चटई, कोपऱ्यात टीव्ही, भिंतीवर हवानाच्या समुद्रकाठाचा फिकट पडलेला फोटो. आजचं काय आहे ते एका कागदावर हाताने लिहून चिकटवलेलं. झालं. एवढंच.

आता एकेक आक्षेप घेते.

पहिला आक्षेप, "दिसायला काही नाही." पुतण्याने मला फोनवर ते तारे काढून दाखवले. कुणीतरी दोन तारे देऊन लिहिलं होतं की जेवण चांगलं आहे, पण सजावट जुनाट. दुसऱ्याने तीन दिले होते, कारण काटे-चमचे एकसारखे नाहीत. मी तेहतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, हजारो पेपर तपासले. अक्षर मोत्यासारखं आणि उत्तर चूक, असे पेपर पुष्कळ येत. आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं पण उत्तर नेमकं, असेही येत. मार्क कशाला द्यायचे हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. जेवणाच्या हॉटेलाला जेवणाचे मार्क द्यायचे. काटे-चमच्यांचे मार्क भांड्यांच्या दुकानाला द्या!

आणि हे तारे देणारं कोण असतं? जो एकदा येतो, तो. जो वीस वर्षं रोज दुपारी साडेबाराला त्याच स्टुलावर बसतो त्याने आयुष्यात एकही तारा दिलेला नसतो. त्याचं मत त्याच्या येण्यात असतं. ते मत मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून ते नाहीच असं आपण धरून चालतो.

दुसरा आक्षेप व्याह्यांचा. ते शिकलेले गृहस्थ, म्हणून आक्षेपही शिकलेला. "क्यूबन अँड स्पॅनिश म्हणजे धड एक नाही. आपल्याकडे 'पंजाबी-चायनीज-साउथ इंडियन' अशी पाटी असते ना, तसलं. ज्याला सगळं येतं त्याला काहीच येत नाही."

व्याहीबुवा, इथे मात्र इतिहासाच्या बाई तुमचा कान धरणार. ती पाटी दोन देशांची नाही, एका घराची आहे. क्यूबा १८९८पर्यंत स्पेनच्या ताब्यात होता. राज्य गेलं, तरी स्पेनहून माणसं येतच राहिली, विशेषतः गालिसिया आणि आस्तुरियास या उत्तरेच्या गरीब प्रांतांतून. हवानात किराणा दुकानं, बेकऱ्या, खाणावळी यांत ही माणसं शिरली. इतकी, की क्यूबात कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट 'गायेगो' म्हणजे गालिसियावाला म्हणत. खुद्द फिडेल कॅस्ट्रोचा बाप गालिसियातून आलेला! तेव्हा एकाच स्वयंपाकघरात गालिसियाचं काल्दो गायेगो (पांढरा घेवडा, बटाटा, पालेभाजी आणि मांस घातलेलं दाट सूप) आणि क्यूबाचा काळा घेवडा-भात शेजारी शेजारी शिजला तर त्यात धेडगुजरी काय आहे? सासर-माहेर म्हणा हवं तर. आपल्या घरात माझ्या माहेरची आमटी आणि सासरचा झुणका एका ताटात येतो, तेव्हा कुणी विचारत नाही की नक्की कुठली पाटी लावायची.

आणि ती माणसं क्यूबा सोडून इथे का आली? १९५९मध्ये क्रांती झाली. आधी बडे कारखाने, मळे सरकारने घेतले. १९६२मध्ये रेशनचं पुस्तक आलं. १९६८मध्ये उरलीसुरली खाजगी दुकानं ताब्यात घेतली, पन्नास हजारांहून जास्त. त्यांत खाणावळी होत्या, रस्त्यावरच्या खाण्याच्या टपऱ्यासुद्धा होत्या. १९६५ ते १९७३ या काळात विमानांनी अडीच लाखांहून जास्त माणसं क्यूबातून मायामीला आली. एवढ्यांना मायामीत काम कुठलं? म्हणून अमेरिकन सरकारने पुष्कळांना दुसऱ्या राज्यांत पाठवलं. न्यू जर्सीला खूप जण आले, कारण युनियन सिटीत क्यूबन माणसं क्रांतीच्या आधीपासूनच होती आणि इथे भरतकामाचे कारखाने होते. हे गाव स्वतःला अमेरिकेची भरतकामाची राजधानी म्हणवून घ्यायचं. मोठमोठ्या शिफ्ली यंत्रांवर लेस आणि नक्षी निघत असे, आणि त्या यंत्रांपाशी क्यूबन बायका उभ्या असत. गावाला 'हडसनकाठचं हवाना' म्हणू लागले. आज ते दिवस ओसरले आहेत. क्यूबन मुलं शिकून उपनगरांत गेली, त्यांच्या जागी डोमिनिकन, इक्वेडोरचे, मेक्सिकोचे लोक आले. यंत्रंही थंडावली. पण खाणावळ राहिली. ज्या सरकारने टपरीसुद्धा खाजगी राहू दिली नाही, तिथून निघालेल्या माणसाने परक्या गावात पुन्हा आठ टेबलं मांडली, याला मी तरी 'काही नाही' म्हणायला तयार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांचा लाडका. "आपल्याला तिथे काय मिळणार?"

'आपल्याला' या शब्दावर मी मुद्दाम थांबते. आपलं अन्न म्हणजे कुठलं हो? एकादशीला आपण काय खातो ते बघा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. चारही अमेरिका खंडाकडून आलेले! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, क्यूबात त्यालाच 'युका' म्हणतात. इथे तो उकडून त्यावर लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि गरम तेल ओततात, त्याला 'मोहो' म्हणतात. म्हणजे ज्या कंदाच्या खिचडीने आपण पुण्य जोडतो, तोच कंद अख्खा समोर आला की 'हे कसलं परकं' म्हणून नाक मुरडतो. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांनी आणलेला, आणि त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांच्या भाषेतून आलेला. पपई, पेरू, काजू, सीताफळ, सगळे त्याच बाजूचे पाहुणे. पेरूची जाड वडी क्यूबन लोक पेस्ट्रीत भरतात. गोव्यात तिचीच बहीण 'पेराद' नाताळात करतात.

उलट बाजूनेही बघा. स्पॅनिशमध्ये साखरेला म्हणतात 'आसुकार', आपल्या शर्करेचं फारसी-अरबीतून गेलेलं रूप. संत्र्याला 'नारांहा', आपलं नारिंग! ऊस अरबांनी स्पेनला नेला आणि कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर नेला. त्या उसासाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून आणली. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६मध्ये, म्हणजे काँग्रेस स्थापन झाल्यानंतरच्या वर्षी! इतकं अलीकडे. म्हणून मला त्या साध्या घेवडा-भाताचं नाव फार आवडतं. 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे मूर आणि ख्रिस्ती. काळा घेवडा म्हणजे मूर, पांढरा भात म्हणजे ख्रिस्ती. सन ७११ ते १४९२ अशी जवळजवळ आठशे वर्षं स्पेनमध्ये दोघं लढले आणि शेवटी एका पातेल्यात शिजले. त्यात भात अरबांनी स्पेनला नेलेला, घेवडा अमेरिकेचा, आणि शिजवणारे हात बहुतेक वेळा आफ्रिकेचे. आम्ही इतिहासाच्या तासाला नकाशा लावून जे शिकवायचो ते इथे एका बशीत येतं. आणि तुम्ही म्हणता, आपल्याला काय मिळणार?

आता शाकाहाराचं बोलते, कारण तो प्रश्न खरा आहे आणि त्याची थट्टा मला चालत नाही. आमचे हे माळकरी. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी सगळं विचारून घेतलं. तुम्हीही घ्या. काळ्या घेवड्यात कधी कधी डुकराच्या मांसाचा तुकडा चवीला टाकलेला असतो. त्या त्या दिवशी विचारायचं. काल्दो गायेगो शाकाहारी नाही. हरभऱ्याचं सूप मिळतं, पण त्यातही बहुतेक वेळा मांस असतं. क्यूबन पावात डुकराची चरबी घालतात, तो ह्यांना वर्ज्य. राहिलं काय? पांढरा भात, घेवडा (विचारून), युका, आव्होकाडोची कोशिंबीर, आणि केळ्यांचे दोन प्रकार. 'तोस्तोनेस' म्हणजे कच्च्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून, पुन्हा तळलेले. 'मादुरोस' म्हणजे पिकलेल्या केळ्याचे गोड काप. शेवटी 'काफे कोन लेचे', आपली दुधाची कॉफीच, पण दणदणीत. अंडं चालत असेल तर स्पॅनिश तोर्तिया, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. मी कोंबडी खाते, म्हणून माझ्यासाठी 'आरोस कोन पोयो', केशरी रंगाचा कोंबडीभात. 'रोपा व्हिएहा' म्हणजे जुने कपडे! गोमांसाचे धागे धागे सोडवून शिजवलेला हा पदार्थ आम्ही खात नाही, पण नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. फोडणीच्या जागी 'सोफ्रितो', म्हणजे कांदा, लसूण, ढोबळी मिरची मंद परतलेली, आणि घेवड्यात जिरं. हो, जिरं! वास आला की आपलंच स्वयंपाकघर.

नदीकाठच्या त्या काचेच्या हॉटेलात ह्यांना काय मिळालं माहीत आहे? पानांचा ढिगारा आणि वर तीन अक्रोड. पंच्याहत्तरीला! पण तिथे "आपल्याला काय मिळणार" असं कुणीच विचारलं नव्हतं.

चौथा आक्षेप स्वच्छतेचा. साधं म्हणजे कळकट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. न्यू जर्सीत आरोग्य खात्याची तपासणी होते आणि हॉटेलाला तिचा निकाल दर्शनी भागी लावावा लागतो. समाधानकारक, सशर्त समाधानकारक आणि असमाधानकारक अशा तीन श्रेण्या. आमच्या कोपऱ्यावर 'समाधानकारक' लागलेलं आहे, काचेच्या हॉटेलातही तेच लागलं होतं. परीक्षक एकच, श्रेणी एकच. फरक फक्त दिव्यांचा. ज्याला शंका आहे त्याने दारातला कागद वाचावा. टेबलावरची चटई कागदाची आहे यावरून स्वयंपाकघराचा निकाल लावू नये.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना चार शब्द, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांच्या बाजूची. काही तरुण मंडळींना अशी हॉटेलं फार आवडतात, पण 'ऑथेंटिक' म्हणून. फोटो काढायचे, "काय साधी माणसं!" म्हणायचं आणि पुन्हा कधी फिरकायचं नाही. पोपडे उडालेली भिंत त्यांना सुंदर दिसते. मालकीणबाईंना ती रंगवायची आहे, पैसे नाहीत म्हणून रंगवली नाही! दुसऱ्याच्या अडचणीत सौंदर्य शोधणं हाही तोराच, फक्त उलट्या अंगाने. साधेपणा हा काही गुण नव्हे. साधी हॉटेलं वाईटही असतात, मी जेवले आहे अशा ठिकाणी, शिळा भात आणि पाणचट आमटी. माझं म्हणणं एवढंच की साधेपणा हा दोषही नव्हे. चव बघा, भात बघा, वागणूक बघा, आणि मग काय ते ठरवा.

वागणुकीवरून माझी एक कसोटी सांगते. कुठल्याही हॉटेलात गेलं की मी बघते, इथे एकटं म्हातारं माणूस जेवताना दिसतं का? काचेच्या हॉटेलात एकटा म्हातारा दिसत नाही. तिथे एकट्याने जाणं म्हणजे केविलवाणं दिसणं. आमच्या कोपऱ्यावर रोज दुपारी दोन-तीन तरी असतात. काउंटरपाशी बसतात, सूप आणि पाव घेतात, टीव्हीवरचा बेसबॉल बघत पुटपुटतात. कुणी घाई करत नाही. एखादा दोन दिवस आला नाही तर वाढणारी बाई विचारते. हे तार्‍यांत येत नाही, बिलात येत नाही.

आणि यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. इथे येणाऱ्या आईवडिलांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि कुठेही जायचं तर कुणीतरी गाडी काढायला हवी. एडिसनला पुतण्याकडे गेले की मी खिडकीतून गवत बघत बसते. इथे मात्र चार गल्ल्या चालत जाऊन, स्वतःच्या पाकिटातले पैसे देऊन, स्वतःच्या तोंडाने मागून मी जेवू शकते. वाढणाऱ्या बाईंचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघींनाही लाज वाटत नाही. त्या माझ्याच वयाच्या आसपास असतील. त्यांनी मला 'फ्रिहोलेस' शिकवलं, मी त्यांना 'घेवडा' शिकवलं. (त्यांना 'घ' येत नाही, मला त्यांचा घशातला 'ह' येत नाही.) या देशात मला कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी म्हणून ओळखतात. त्या आठ टेबलांत मी फक्त मी असते. ते ठिकाण माणसांना नेण्यासारखं नाही असं कुणी म्हटलं की राग येणारच.

आता टीपेचं. हा भाग पुतण्यासाठी. नदीकाठी तू वीस टक्के टीप दिलीस, कुणी न सांगता. मागे एकदा आपण कोपऱ्यावर कॉफी प्यायलो तेव्हा दोन नाणी ठेवलीस आणि म्हणालास, "इथे कशाला जास्त?" अरे, इथेच जास्त! टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने रोख किती द्यावं याचा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातला आकडा १९९१पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. न्यू जर्सीचा त्याहून जास्त आहे, पण तोही नेहमीच्या किमान वेतनापेक्षा पुष्कळ कमी. बाकीचं तुझ्या नाण्यांवर सोडलेलं. पायांना तितकेच कष्ट पडतात, बिल छोटं म्हणून टक्केही छोटे, आणि वर तू टक्केही कापतोस. झगमगाटाला बक्षीस आणि कष्टाला सुट्टे पैसे, हा कुठला हिशेब?

आणि तुझ्या आजोबांचं तुला सांगायलाच हवं. माझे सासरे लालबागला गिरणीत होते. खोलीत दहा-बारा जण, बायकामुलं गावाकडे. जेवायचे कुठे? खाणावळीत, महिन्याच्या खात्यावर. गिरणगावात अशा शेकडो खाणावळी बायकांनी चालवल्या, स्वतःच्या एका खोलीच्या घरात, सावकाराच्या उधारीवर. प्रेमा पुरवांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १९८२च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या आणि खाणावळीही विरल्या. त्या खाणावळीला पाटी नव्हती. सजावट नव्हती. जमिनीवर पाट मांडून जेवायचे. तुझ्या आजोबांनी तिथे जेवून जे पैसे वाचवले, त्यांवर तुझे वडील इंजिनियर झाले आणि तू एडिसनला आलास. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच, माणसांना नेण्यासारखं नाही.

क्यूबन लोकांकडेही डब्याची पद्धत होती, ऐकून मला गंमत वाटली. मायामीत नव्याने आलेल्या, दोघंही कामावर जाणाऱ्या कुटुंबांना एकावर एक रचलेल्या डब्यांतून घरपोच जेवण मिळायचं. त्याला 'कांतिना' म्हणत. गाव सोडून कामासाठी आलेल्या माणसाची गरज सगळीकडे एकच, परवडेल असं, रोज खाता येईल असं, घरासारखं. ती गरज भागवणारा माणूस दिव्यांवर खर्च करू शकत नाही. केला, तर गिऱ्हाइकाला परवडणार नाही. म्हणजे जे तुम्हाला उणेपण दिसतं तीच त्याची सचोटी आहे.

अशी हॉटेलं आता कमी होत आहेत. भाडी वाढतात, मालक थकतात, मुलं डॉक्टर-वकील होतात आणि गल्ल्यावर बसायला कुणी उरत नाही. मुलांनी शिकू नये असं मी कशी म्हणेन? जन्मभर शिक्षिका होते. पण बंद झाल्यावर हळहळणारे आपणच असतो, आणि चालू असताना न जाणारेही आपणच. गिरगावातली, दादरची जुनी उपाहारगृहं बंद झाली की वर्तमानपत्रात लेख येतात, आपण ते एकमेकांना पाठवतो. त्यातल्या किती जणांनी शेवटच्या वर्षात तिथे एक तरी बटाटावडा खाल्ला होता?

शेवटचं आणि मला सगळ्यात टोचलेलं. माझा नातू अकरा वर्षांचा आहे. हे सगळं बोलणं त्याच्यासमोर झालं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आजी, ते आपल्या टाइपचं नाहीये." त्याच्या वर्गातली निम्मी मुलं अशाच हॉटेलांत जेवणाऱ्या, वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या घरांतली आहेत. त्यांच्याबरोबर तो फुटबॉल खेळतो. त्याला 'टाइप' कुणी शिकवला? शाळेने नाही. आपण, जेवणाच्या टेबलावर. वर्गात मी श्रमप्रतिष्ठेचा धडा तेहतीस वर्षं शिकवला, आणि मुलं तो परीक्षेपुरता पाठ करायची हेही मला माहीत आहे. खरा धडा घरातली मोठी माणसं कुठल्या दारातून आत जातात आणि कुठलं दार बघून रस्ता ओलांडतात, यातून मिळतो.

म्हणून या शनिवारी मी नातवाला घेऊन तिथे जाणार आहे. चौदा माणसांचं टेबल नको, दोघांचं पुरे. तो मागेल ते खाईल, बाईंशी स्वतः बोलेल (त्याचं शाळेतलं स्पॅनिश माझ्यापेक्षा शंभरपट बरं आहे), आणि टीप त्याच्या हाताने ठेवेल. वीस टक्के. तेवढंच त्याचं गणितही होईल.

पुतण्या, वहिनी, व्याहीबुवा, तुम्हालाही आमंत्रण आहे. प्रतिक्रियांत खुशाल भांडा, मला राग येणार नाही. पण आधी एकदा तिथे जेवून या, मग भांडा. न वाचता पेपर तपासलेला मला कधीच चालला नाही.